ॲपमधलं जुनं प्लगिन काढायचं कधी?

२०२३ चा मार्च. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बिया यायला लागल्या होत्या. वाळपईकडच्या एका काजू व्यापाऱ्यांसाठी आम्ही ॲप केलेलं आहे. शेतकरी पोतं घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, फोनमध्ये किलो आणि दर टाकला की शेजारच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरमधून दोन इंची पावती बाहेर येते. सकाळी साडेआठला व्यापाऱ्यांच्या मुलाचा फोन आला. "बाय, बील भायर येना गो. बटण दामलें काय ॲपूच बंद पडटा." मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. त्या दिवशी सगळ्या पावत्या कार्बन घालून, हाताने, बिलबुकावर लिहिल्या गेल्या.

फोंड्यात तिस्कावर आमचं तिघांचं ऑफिस आहे. माझ्या टेबलावर तेच ॲप आणि तसलाच प्रिंटर होता, आणि पावती झकास येत होती. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला. माझा टेस्टचा फोन अँड्रॉइड १० चा, आणि मुलाने नुकताच घेतलेला नवा फोन अँड्रॉइड १२ चा. आठवड्यापूर्वी आम्ही दराच्या रकान्यात एक किरकोळ बदल करून अपडेट सोडलं होतं. तेव्हा प्ले स्टोअरच्या अटीप्रमाणे ॲपचं टार्गेट, म्हणजे ते कुठल्या अँड्रॉइडच्या नियमांनी चालेल तो आकडा, ३१ वर (अँड्रॉइड १२) नेणं भाग होतं. टार्गेट ३१ झालं की अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर ब्लूटूथला हात लावण्याआधी वापरणाऱ्याची वेगळी परवानगी लागते, 'जवळपासची उपकरणं' म्हणून जी खिडकी येते ती. आमच्या प्रिंटरच्या प्लगिनला, म्हणजे प्रिंटरशी बोलण्यासाठी ॲपमध्ये जोडलेल्या दुसऱ्याच्या तयार कोडला, ही परवानगी ठाऊकच नव्हती. त्याचं शेवटचं अपडेट २०२१ मधलं. ते आपलं जुन्या पद्धतीने प्रिंटरशी बोलायला गेलं, सिस्टीमने हटकलं आणि ॲप कोसळलं.

दुपारपर्यंत मी दुरुस्ती केली. परवानगी आमच्याच मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिली, प्लगिनला हाक मारायच्या आधी ती मागून घेतली, झालं. पण प्ले स्टोअरमधून ते अपडेट त्या फोनवर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. प्लगिन लिहिणाऱ्याला मी कधी एक रुपया दिला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं ते चालतंय म्हणून त्याच्याकडे न बघणारी मी होते.

तेव्हापासून प्लगिन कधी काढायचं याची एक पद्धत हाताला बसली आहे. ती इथे लिहिते. उदाहरणं बहुतेक फ्लटरची आहेत, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप करायच्या साधनाची, कारण आमचं काम त्यात चालतं. रिॲक्ट नेटिव्ह किंवा कॉर्डोव्हा ही तसलीच दुसरी साधनं वापरणाऱ्यांनी नावं बदलून वाचावं.

तारखेवर जाऊ नका

नव्या मुलांना वाटतं, तीन वर्षं अपडेट नाही म्हणजे प्लगिन मेलं. आमच्याकडे एक छोटं पॅकेज आहे, रक्कम लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह लिहिणारं. त्याला २०२१ नंतर कोणी हात लावलेला नाही, आणि लावायची गरजही नाही. एक लाखात किती शून्यं असतात ते बदलणार नाही. ते निव्वळ डार्टमध्ये, म्हणजे फ्लटरच्या भाषेत, आहे. आत संख्या जाते, बाहेर अक्षरं येतात, फोनशी त्याचा संबंध येत नाही.

खऱ्या प्लगिनचे पाय मात्र फोनच्या जमिनीत रोवलेले असतात. एक पाय अँड्रॉइडमध्ये, कोटलिन किंवा जाव्हा भाषेचा, दुसरा आयफोनमध्ये, स्विफ्ट किंवा ऑब्जेक्टिव्ह-सीचा. कॅमेरा, ब्लूटूथ, फाइली, नोटिफिकेशन, लोकेशन, संपर्क, वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) या सगळ्या जमिनी दर वर्षी थोड्या हलतात. अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये फाइलींची पद्धत बदलली, १२ मध्ये ब्लूटूथची, १३ मध्ये नोटिफिकेशनसाठी परवानगी आली, १४ मध्ये फोरग्राउंड सेवेचा (ॲप समोर नसतानाही चालू राहणाऱ्या कामाचा) प्रकार सांगणं सक्तीचं झालं. ॲपलने जुन्या पद्धतीच्या वेबव्ह्यूची, म्हणजे यूआयवेबव्ह्यूवाली, नवी ॲप्स एप्रिल २०२० पासून घेणं बंद केलं. १ मे २०२४ पासून ठरावीक एपीआय (फोनच्या सोयी वापरायच्या ठरलेल्या हाका) का वापरता याचं कारण प्रायव्हसी मॅनिफेस्टमध्ये मागायला सुरुवात केली.

म्हणून मी प्लगिन किती जुनं आहे हे नंतर बघते. आधी बघते ते कुठल्या जमिनीत पाय रोवून उभं आहे, आणि ती हलली तर दुरुस्त करायला कोण येणार. मूळ लेखक येणार, दुसरं कोणी येणार, की मीच जाणार? तिन्हींचं उत्तर 'कोणी नाही' आलं तर ते प्लगिन आज उत्तम चालत असलं तरी जाणार. तारीख तेवढी ठरवायची उरते.

वही

वही म्हणजे खरंच वही, दोनशे पानी, उभ्या रेघा मारलेली. स्प्रेडशीट करून पाहिली होती, कोणी उघडतच नाही. वही टेबलावर पडलेली असते, चहाचे डाग पडतात, पण नजरेस पडते.

प्रत्येक ॲपला एक पान. पबस्पेकमध्ये, म्हणजे ॲपला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीच्या फाइलमध्ये, लिहिलेली प्लगिन्स एकाखाली एक उतरवायची. प्रत्येकासमोर चार गोष्टी: ॲपमधल्या कुठल्या कामासाठी, फोनच्या कुठल्या भागाला हात लावतं, आमच्या कोडमध्ये किती ठिकाणी हाक मारलेली आहे, आणि उद्या ते गेलं तर त्याच्या जागी काय. शेवटचा रकाना बहुतेकदा रिकामा राहतो. राहू द्यावा. कुठे रिकामा आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

आपण स्वतः न घेतलेली, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलेलीही असतात. 'फ्लटर पब डेप्स' ही आज्ञा, किंवा रिॲक्ट नेटिव्हवाल्यांनी 'एनपीएम एलएस', चालवली की तो गोतावळा दिसतो. सगळा उतरवायची गरज नाही. ज्यांच्या आत नेटिव्ह (थेट फोनच्या भाषेतला) कोड किंवा आधीच कंपाइल केलेल्या डॉट एसओ फाइली आहेत तेवढेच घ्यायचे.

ही वही पहिल्यांदा भरताना एक गंमत झाली. कळंगुटच्या एका रेंट-अ-बाइकवाल्यांच्या ॲपमध्ये क्यूआर स्कॅनरचं प्लगिन होतं. प्रत्येक स्कूटरवर स्टिकर लावायचं आणि ती परत आली की स्कॅन करायचं, अशी मूळ कल्पना. मी मालकांना फोन करून विचारलं, आता त्याला पर्याय शोधावा लागेल, चालेल ना? ते म्हणाले, "तें कोण वापरता? पोरगे नंबर बरयतात." म्हणजे हाताने लिहून घेतात. स्टिकर पहिल्याच पावसात सोलून गेले होते. दोन वर्षं आम्ही ते प्लगिन सांभाळलं, दोनदा अपडेट केलं, एकदा त्याच्यामुळे बिल्ड (कोडमधून ॲपची फाइल बांधणं) अडली. प्लगिन काढलं, ते बटणही काढलं. त्यामुळे पर्याय शोधायच्या आधी ते काम कोणाला हवंय का, हे विचारून घ्यावं.

कुठे बघायचं

'फ्लटर पब आउटडेटेड' चालवलं की तक्ता येतो. लाल-पिवळे आकडे बघून घाबरायचं काही नाही, आवृत्ती मागे असणं हा गुन्हा नाही. आमच्याकडे नव्या आलेल्या मुलाने एका शनिवारी उत्साहाने सगळ्या आवृत्त्या एका झटक्यात वर नेल्या, आणि सोमवार-मंगळवार आम्ही तिघं कोणती कशामुळे बिघडली ते शोधत बसलो. तक्त्यात शोधायचा तो 'डिसकंटिन्यूड' हा शब्द. एनपीएमवर त्याच अर्थाने 'डेप्रिकेटेड' येतं. बहुधा शेजारी 'याऐवजी हे वापरा' असंही लिहिलेलं असतं. काही वेळा हा निरोप अगदी सोपा असतो. २०२१ मध्ये फ्लटरच्या मूळ टीमची बॅटरी, कनेक्टिव्हिटी, डिव्हाइस इन्फो, शेअर ही प्लगिन्स कम्युनिटीकडे गेली आणि त्यांना 'प्लस' अशी शेपटी लागली. तिथे विचार करायचा नसतो, बदलून मोकळं व्हायचं.

कधी प्लगिन जुनं न होताच अनावश्यक होतं, कारण त्याचं काम प्लॅटफॉर्मनेच स्वतःकडे घेतलेलं असतं. कॉर्डोव्हाचं व्हाइटलिस्ट प्लगिन कॉर्डोव्हा-अँड्रॉइड १० मध्ये असंच आत गेलं, पुढे ११ मध्ये स्प्लॅशस्क्रीनचंही तेच झालं. ज्यांनी रिलीज नोट्स वाचल्या नाहीत त्यांच्या प्रोजेक्टात ती अजून पडून आहेत.

खरी माहिती मिळते ती प्लगिनच्या इश्यूंच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या तक्रारींच्या, पानावर. उघडे इश्यू किती हे मोजू नका, लोकप्रिय प्लगिनचे शेकड्याने असतात. त्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरमधले इश्यू उघडा. दर सप्टेंबरला नवं आयओएस येतं, पाठोपाठ 'नव्या आयफोनवर क्रॅश' असे इश्यू पडतात. त्यांना कोणी उत्तर दिलंय का? मग पुल रिक्वेस्टी, म्हणजे बाहेरच्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, बघा. एखाद्या भल्या माणसाने दुरुस्ती करून पाठवलीय, खाली तीस जणांनी 'कृपया मर्ज करा' लिहिलंय, आणि आठ महिने झाले तरी कोणी फिरकलेलं नाही, हे दृश्य दिसलं की वहीत त्या नावापुढे मी तांबडी फुली मारते. दुरुस्ती तयार असून ती आत घ्यायला कोणी नाही, याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

डॉट एसओ फाइली असलेल्यांची वेगळी तपासणी. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना १६ केबी पेज साइज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचं माप) चालवता येणं प्ले स्टोअरने सक्तीचं केलं. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनलायझरमध्ये ॲपची फाइल टाकली की कुठली लायब्ररी बसत नाही ते दिसतं. अशी लायब्ररी आपल्याला दुरुस्त करता येत नाही, कारण ती आधीच कंपाइल होऊन आलेली असते. लेखकाने नवी बांधून दिली तर ठीक, नाहीतर प्लगिन जाणार.

ठिगळं मोजा

आता पुन्हा त्या प्रिंटरच्या प्लगिनकडे येते.

मार्च २०२३ चं पहिलं ठिगळ वर सांगितलं. २०२४ मध्ये आम्ही अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ वर (हे ॲप बांधायचं साधन, आपल्या अर्थाचं प्लगिन नव्हे) गेलो आणि बिल्ड थांबली. 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड.' जुन्या प्लगिन्समध्ये पॅकेजचं नाव मॅनिफेस्टमध्ये असायचं, नव्या ग्रेडलला ते बिल्ड फाइलमध्ये हवं असतं. एका ओळीचं काम, पण प्लगिन दुसऱ्याचं. मग परवाना बघितला. एमआयटी होता, म्हणजे मूळ लेखकाची नोंद जपून कोड घेता येतो. सगळं प्लगिन आमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) 'पॅकेजेस' या फोल्डरमध्ये आणलं, पबस्पेकमध्ये आवृत्तीऐवजी त्या फोल्डरचा रस्ता दिला, ती एक ओळ लिहिली. अर्धा तास लागला. याला आम्ही ऑफिसात 'दत्तक घेणं' म्हणतो.

२०२५ मध्ये फ्लटर वर नेलं आणि पुन्हा लाल अक्षरं. प्लगिनच्या जाव्हा फाइलमध्ये 'रजिस्ट्रार' नावाचा जुना वर्ग होता, फ्लटरच्या पहिल्या अँड्रॉइड एम्बेडिंगमधला, म्हणजे फ्लटरला अँड्रॉइडशी जोडण्याच्या जुन्या पद्धतीतला. नवी पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये आली होती, जुनी पुढे काही वर्षं सोबत ठेवली गेली आणि शेवटी काढून टाकली गेली. दुरुस्ती पुन्हा सोपी होती. दहा-बारा ओळी पुसायच्या, दोन आयात काढायच्या.

मी पुसायला बसले आणि हात थांबला. तिन्ही ठिगळं लहान होती. पण तिन्ही वेळा गोष्ट कळली ती भलत्याच वेळी, दुसरंच काम हातात असताना. आणि तिन्ही वेळा मी कडेकडेनेच शिवत होते. मधला कोड, म्हणजे प्रिंटरशी जोडणी कशी उघडते, पावती अर्धवट असताना प्रिंटर बंद पडला तर काय होतं, हे आमच्यापैकी कोणीही कधी नीट वाचलं नव्हतं. प्लगिन दत्तक घेतलं म्हणजे त्याचं दुखणंखुपणंही आपलं. ते काढायचं नसेल तर वाचून काढायला हवं. म्हणून वाचायला बसले.

वाचल्यावर कळलं की आम्हाला त्यातलं फार थोडं लागतं. त्या प्लगिनला वायफाय प्रिंटर येत होते, यूएसबी येत होते, बारकोड येत होते. आम्हाला हवं होतं एवढंच: फोनशी आधीच जोडलेल्या यंत्रांतून प्रिंटर निवडायचा, त्याच्याशी ब्लूटूथची सीरियल जोडणी उघडायची, बाइट्स पाठवायचे, जोडणी बंद करायची. हे प्रिंटर ईएससी-पॉस नावाची साधी भाषा बोलतात. २७ आणि ६४ हे दोन बाइट पाठवले की प्रिंटर मागचं सगळं विसरून पहिल्यापासून तयार होतो. कोटलिनच्या १४० ओळींत काम झालं, अडीच दिवसांत, चाचणीसकट.

त्यात एक अनपेक्षित लाभ झाला. या स्वस्त प्रिंटरांमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, आणि जुनं प्लगिन फक्त मजकूर पाठवायचं, त्यामुळे शेतकऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत यायचं. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके असतात. आम्ही पूर्ण पावतीचं ३८४ ठिपके रुंदीचं चित्र करून पाठवायला लागलो. आता नाव, गाव, 'सुकी बी', सगळं देवनागरीत येतं. छपाई जराशी हळू झाली, पण त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही.

तर माझा हिशेब असा झाला आहे. पहिलं ठिगळ खुशाल लावा. दुसरं लावताना प्लगिन दत्तक घ्या आणि त्याच आठवड्यात वाचून काढा. तिसऱ्याची वेळ येऊ देऊ नका. मी स्वतः तिसऱ्यापर्यंत थांबले. दुसऱ्यालाच वाचलं असतं तर एक वर्ष आधीच देवनागरी पावती मिळाली असती.

काही प्रकरणांत मात्र ठिगळाचा विचारही करायचा नसतो. प्लगिनच्या मागची सेवाच बंद होत असेल तर प्लगिन कितीही ठणठणीत असो, ते गेलंच: फायरबेस डायनॅमिक लिंक्स (थेट ॲपमध्ये नेणाऱ्या लिंकांची गुगलची सेवा) २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या. तयार बायनरी (कंपाइल केलेली फाइल) जिथून येते ती जागाच जाणार असेल तरी तेच. व्हिडिओ-ऑडिओवर काम करणाऱ्या एफएफएमपेगकिटने जानेवारी २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि पुढे तयार बायनरीही काढून टाकल्या. ज्यांनी त्या आपल्याकडे उतरवून ठेवल्या नव्हत्या त्यांच्या बिल्ड एका सकाळी थांबल्या. जेसेंटर या अँड्रॉइड लायब्ररींच्या जुन्या कोठारावर विसंबलेली जुनी अँड्रॉइड प्लगिन्स याच जातीची. आणि मेंटेनर, म्हणजे प्लगिन सांभाळणारा, अचानक बदलला, अनोळखी माणसाकडे चाव्या गेल्या, तर ती आवृत्ती घ्यायची नाही. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या 'इव्हेंट-स्ट्रीम'चं असंच झालं. थकलेल्या मूळ लेखकाने मदत करू म्हणणाऱ्याला पॅकेज सोपवलं, आणि त्याने कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेट ॲपमधले पैसे चोरणारा कोड आत घुसवला. पैसे, ओळखपत्रं, पासवर्ड यांच्या जवळ असलेल्या प्लगिनच्या बाबतीत मी दुसऱ्या ठिगळाचीही वाट बघत नाही.

कुठल्या महिन्यात

हा भाग माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. प्लगिन काढायचं ठरलं तरी कधी काढायचं हे स्टोअरच्या तारखांवर सोडलं तर फजिती होते.

२०२५ चा ऑगस्टअखेर बघा. २५ ला डायनॅमिक लिंक्स बंद, २७ ला चवथ (गणेशचतुर्थी), ३१ ला प्ले स्टोअरची टार्गेट ३५ ची मुदत. गोव्यात चवथीच्या आठवड्यात कोणाकडून काम करून घ्यायचं? आमच्या ऑफिसातला एक पोरगा पेडण्याला मूळ घरी माटोळी बांधत असतो, दुसरी आईबरोबर नेवऱ्या करत असते, आणि फोंड्यात आरतीला जायचं तर मलाही पाच घरं आहेत. मुदत वाढवून मागता येते, १ नोव्हेंबरपर्यंत मिळते. पण १ नोव्हेंबर म्हणजे पर्यटनाचा मोसम सुरू झालेला. बाइकवाल्यांच्या काउंटरवर रांग असताना मी त्यांच्या कॅमेऱ्याचं प्लगिन बदलणार नाही. तिकडे ॲपलची नव्या एक्सकोडची (आयफोनचं ॲप बांधायच्या साधनाची) सक्ती येते ती एप्रिलअखेर. २०२४ लाही तसं झालं, २०२५ लाही. तेव्हा वाळपईत काजू असतो.

म्हणून आमचं ठरलेलं आहे: जून आणि जुलै. काजू संपलेला असतो, किनाऱ्यावरच्या स्कूटरी ताडपत्रीखाली गेलेल्या असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वही काढायची, तांबड्या फुल्या मोजायच्या, जुलैअखेर कामं संपवायची. १० ऑगस्टनंतर नवीन काही सोडायचं नाही. पावसात वीज जाते आणि बिल्ड अर्ध्यावर मरते हा या महिन्यांचा तोटा, पण तो इन्व्हर्टरने भरून निघतो. तुमच्या ग्राहकाचा मोसम वेगळा असेल. लग्नाच्या हॉलचं ॲप असेल तर पंचांग बघा, शाळेचं असेल तर परीक्षांचं वेळापत्रक. तो सुस्त काळ शोधा आणि स्टोअरच्या मुदतीच्या आधीचा निवडा.

काढायचं कसं

एका रिलीजमध्ये एकच प्लगिन. हा नियम मोडलात तर क्रॅश कुणामुळे ते कळत नाही.

आधी कोट घाला. आमच्या ॲपमध्ये प्रिंटरच्या प्लगिनला २३ ठिकाणी थेट हाक मारलेली होती. पहिल्या रिलीजमध्ये काहीही न बदलता ती सगळी एका फाइलमधून जातील असं केलं: 'पावती छाप' एवढंच बाहेर दिसणारं, आत जुनंच प्लगिन. ते आठवडाभर शांतपणे चाललं. मग दुसऱ्या रिलीजमध्ये फक्त त्या एका फाइलचं पोट बदललं.

बदली प्लगिन घेताना त्याला किमान कुठलं अँड्रॉइड लागतं ते आधी पाहा. ग्राहकाकडचा काउंटरवरचा टॅब कोणत्या काळातला आहे हे तुम्हाला ऑफिसात बसून कळत नाही, जाऊन सेटिंग्ज उघडून पाहावं लागतं.

माहिती साठवणारं प्लगिन काढत असाल तर दुप्पट काळजी. जुन्यातलं वाचायचं, नव्यात लिहायचं, 'हलवलं' अशी खूण करायची, आणि जुनं प्लगिन काही काळ नुसतं वाचण्यापुरतं ठेवायचं. काही काळ म्हणजे किती? बरेच जण दोन रिलीज म्हणतात. मीही म्हणायचे. मग एका ऑक्टोबरात बाइकवाल्यांच्या बागा इथल्या शाखेतला टॅब ड्रॉवरमधून बाहेर निघाला. मे महिन्यात बंद करून ठेवलेला, चार महिने इंटरनेट नाही, चालू केल्या केल्या त्याने तीन आवृत्त्या एकदम ओलांडल्या. आत मेमधल्या सहा गिऱ्हाइकांच्या डिपॉझिटच्या, सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी होत्या. नशिबाने जुनं वाचणारा कोड अजून काढला नव्हता, तो पुढच्याच आठवड्याच्या यादीत होता. आता तो कोड आम्ही पूर्ण वर्षभर, एक पावसाळा धरून, ठेवतो.

प्लगिन गेल्यावर त्याची परवानगीही गेली का ते पाहा. अँड्रॉइड स्टुडिओत एकत्र झालेलं मॅनिफेस्ट बघता येतं. क्यूआर स्कॅनर काढल्यावरही आमच्यात कॅमेऱ्याची परवानगी राहिली होती, ती लायसन्सच्या फोटोसाठी होती म्हणून ठीक. पण संपर्क किंवा लोकेशन विनाकारण मागत राहिलात तर प्लेच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये खोटं ठराल. आयफोनकडे इन्फो-प्लिस्ट फाइलमधली, परवानगी का हवी याची जुनी कारणं पुसा.

सोडताना थोड्या जणांनाच सोडा. प्लेवर टक्केवारी देता येते, ॲप स्टोअरचं टप्प्याटप्प्याचं वितरण सात दिवसांचं असतं आणि १ टक्क्यापासून सुरू होतं. मात्र बारा फोनांवर चालणाऱ्या ॲपला दहा टक्के म्हणजे एक फोन आणि दुसऱ्याचा कोपरा. तिथे टक्केवारी सोडून द्या. आम्ही क्लोज्ड टेस्टिंगमध्ये तीन माणसं ठेवली आहेत, त्यात व्यापाऱ्यांचा तो मुलगा आहे, कारण त्याच्याकडे कायम नवा फोन असतो. काही बिघडलं तर वितरण थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे पोचलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. जुना कोडच वरचा आकडा देऊन पुन्हा सोडावा लागतो. तो आधीच बांधून तयार ठेवा.

पैसे कोण देणार

ग्राहकाला नवीन काहीच दिसत नाही, आणि बिल मात्र जातं. बाइकवाले म्हणाले, "चलता न्हय? मागीर बदलता कित्याक?" (चालतंय ना? मग बदलता कशाला?) मी त्यांनाच विचारलं, स्कूटरींचे ब्रेक शू केन्ना बदलतात? म्हणाले, जुलै-ऑगस्टात, उभ्या असतात तेव्हा. मग ते काही बोलले नाहीत, पैसेही दिले. तेव्हापासून देखभालीच्या वार्षिक करारात मी दोन प्लगिनांची बदली आधीच धरते. तिसरं आलं तर वेगळं बिल.

यंदाच्या वहीत तीन तांबड्या फुल्या आहेत. सहीसाठीचं प्लगिन, पुल रिक्वेस्ट आठ महिने पडून. एक जुनं वेबव्ह्यूचं, त्याला अधिकृत पर्याय आहे, दोन दिवसांचं काम. तिसरं बाइकवाल्यांच्या ॲपमधलं नकाशाचं. त्याच्याबद्दल पहिला फोन करायचा तो मालकांना, काउंटरवर नकाशा कोणी उघडतं का ते विचारायला.